बालगुन्हेगारी प्रतिबंध

वयाची 18 वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हातून गुन्हा घडण्याआधी, किंवा पहिला किरकोळ गुन्हा घडताच, घर, शाळा, वस्ती, पोलीस आणि समाजकार्यकर्ते यांनी मिळून करायची उपाययोजना. शिक्षा किती, यापेक्षा मुलापर्यंत कोण आणि केव्हा पोचले याला इथे महत्त्व असते. शाळेतून नाव कमी होते, बाप दारूच्या आहारी जातो, वस्तीतल्या मोठ्या पोरांबरोबर उठबस सुरू होते, अशा वळणांवर ओळखीचे माणूस पुढे आले तर बहुतेक मुले पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. पण हाच हस्तक्षेप मुलाच्या कपाळी ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारू लागला, तर उपाय नसता तर बरे झाले असते असे म्हणायची वेळ येते. या विषयाचा सारा इतिहास या दोन टोकांमधला आहे.

भारतीय कायदा अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात अशा विधिसंघर्षग्रस्त बालकांवर 30,555 गुन्हे नोंदले गेले. ताब्यात घेतलेल्यांत 16 ते 18 वयाची मुले सर्वांत जास्त होती, आणि बहुतेक आईवडिलांजवळ राहणारी होती. घर नसलेला, रस्त्यावरचा पोरच चोऱ्या करतो ही रूढ समजूत या नोंदींपुढे टिकत नाही. हे आकडे पोलिसांच्या नोंदवहीतले आहेत हेही विसरू नये. ज्या वस्तीत गस्त जास्त, त्या वस्तीतली मुले नोंदवहीत जास्त.

मुंबईत या कामाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झाली. 1850 च्या उमेदवारी कायद्याने 10 ते 18 वयाच्या मुलांना कारागिराकडे शिकाऊ म्हणून बांधून देण्याची सोय केली. 1857 मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली सुधारशाळा आज माहीमला आहे. मुलगा बिघडतो तो हाताला काम नसल्यामुळे, म्हणून त्याला सुतारकाम, शिवणकाम शिकवावे, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. 1876 आणि 1897 च्या सुधारशाळा कायद्यांमागेही तीच दृष्टी होती.

त्याच काळात त्याच सरकारने ‘वेळीच हस्तक्षेप’ या कल्पनेचे सर्वांत क्रूर रूपही दाखवले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1897 च्या दुरुस्तीने तर 4 ते 18 वयाची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. सोलापूरच्या काटेरी तारांच्या वसाहतीची आठवण महाराष्ट्रातल्या विमुक्त समाजांत आजही ताजी आहे. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला, संशय गेला नाही. गावात चोरी झाली की पारधी वस्तीवरच्या तरण्या पोरांना आधी उचलायचे, ही रीत अनेक ठिकाणी चालू राहिली. ज्या मुलाने काहीच केलेले नाही त्याला त्याच्या जातीवरून, वस्तीवरून ‘धोक्यातला’ ठरवणे म्हणजे प्रतिबंध नव्हे. बालगुन्हेगारीवरच्या कोणत्याही नव्या योजनेला पहिली कसोटी हीच लावायला हवी.

1919-20 च्या तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयांची शिफारस केली. मद्रास (1920) आणि बंगाल (1922) प्रांतांपाठोपाठ 1924 मध्ये मुंबई बालक अधिनियम झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिचे डोंगरीचे निरीक्षणगृह ज्या जागी आहे, तिथे पूर्वी तुरुंग होता. बदनामीच्या कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी 1882 मध्ये 101 दिवस काढले तो हाच. मुलांसाठी वेगळा कायदा आला, तरी भिंती तुरुंगाच्याच राहिल्या.

याच दशकात डोंगरीपासून थोड्याच अंतरावर, भायखळ्याजवळच्या नागपाड्यात, वेगळ्या विचाराचे काम उभे राहत होते. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस चालवले. मुलाला वस्तीतून उचलून सुधारगृहात नेण्याऐवजी वस्तीतच खेळाचे मैदान, वाचनालय आणि दवाखाना देण्याची ही पद्धत होती. 1936 मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने भारतातली समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा निघाली तीही इथेच, आणि पहिले संचालक मॅनशार्टच. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. नागपाड्याने देशाला बास्केटबॉलपटूंच्या पिढ्या दिल्या, भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर त्यांपैकीच. दाटीवाटीच्या, टोळ्यांच्या बातम्यांसाठी वर्तमानपत्रांत येणाऱ्या या भागात संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात दिवे लावलेले मैदान आणि नाव घेऊन हाक मारणारा प्रशिक्षक असणे ही लहान गोष्ट नव्हती. मॅनशार्ट शिकले त्या शिकागोत असेच वारे होते. तिथे 1899 मध्ये जगातले पहिले बालन्यायालय सुरू झाले आणि 1930 च्या दशकात क्लिफर्ड शॉ यांनी वस्तीतल्याच रहिवाशांना, कधी सुटून आलेल्या कैद्यांनाही, मुलांमधल्या कामासाठी नेमले.

सद्हेतूने केलेले सारेच उपयोगी पडते असे मात्र नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत 1939 ते 1945 या काळात 506 मुलग्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही दिले गेले. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ही माणसे शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक म्हणाले, आम्हाला फायदा झाला. नोंदी उलटे सांगत होत्या: पुन्हा गुन्हा, व्यसन, अकाली मृत्यू यांत मदत न मिळालेला गटच बरा ठरला. पुढच्या विश्लेषणात सर्वाधिक नुकसान एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला गेलेल्यांचे झालेले दिसले. अडचणीतली मुले एकत्र कोंबली की ती एकमेकांकडूनच शिकतात, हे त्यातून निघालेले अनुमान निरीक्षणगृहांबाबतही खरे आहे. मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून घाबरवण्याचे 1970 च्या दशकातले अमेरिकी प्रयोगही तसेच अंगलट आले. आपल्याकडे शाळेच्या सहलीत पोलीस कोठडी दाखवून ‘धाक बसेल’ असे मानणाऱ्यांनी ते निष्कर्ष पाहावेत.

याउलट मिशिगनमधल्या पेरी बालवाडीचा अनुभव. 1962 ते 1967 या काळात गरीब घरांतल्या 123 कृष्णवर्णीय मुलांपैकी निम्म्यांना चांगली बालवाडी मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जात. चाळिशीपर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालवाडीत गेलेल्यांत 36 टक्के, न गेलेल्यांत 55 टक्के होते. तिथे गुन्हेगारीचा कोणी शब्दही काढला नव्हता. मुलाला वाचायला, खेळायला, वाट पाहायला शिकवले आणि आईशी बोलणे ठेवले, एवढेच. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताईचे काम या दृष्टीने पोलीस ठाण्याइतकेच मोलाचे आहे, आणि मानधनाच्या हिशेबात ते कधी दिसले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांनी नेमका हाच धडा घेतला. तरुणाला ‘बिघडलेला’ म्हणत राहिले की तो तसाच वागू लागतो, असा इशारा त्यांत आहे. भारताने 1992 मध्ये बालहक्क करार स्वीकारला. 1986 आणि 2000 च्या बाल न्याय कायद्यांनंतर, डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेने (तिच्यात एक आरोपी अल्पवयीन होता) उसळलेल्या संतापातून, 2015 चा कायदा झाला. 16 ते 18 वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का, याचे प्राथमिक मूल्यमापन करण्याची तरतूद त्यात आली. चर्चा सगळी तिचीच झाली. याच कायद्यातली प्रतिबंधाची यंत्रणा तितकीच मोठी असून तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

ती यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालावी? समजा, पंधरा वर्षांच्या मुलाने लोकलच्या गर्दीत मोबाइल मारला. या कायद्याखालच्या 2016 च्या नियमांनुसार अशा किरकोळ प्रकरणात गुन्हा दाखल करायचा नसतो. स्टेशन डायरीत नोंद घ्यायची, मुलाची घरची-शाळेची माहिती ठरावीक नमुन्यात भरायची आणि ती बाल न्याय मंडळाकडे पाठवायची. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी हवा, तो साध्या वेशात हवा. बेडी नाही, कोठडी नाही, आईबापांना लगेच कळवायचे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांत एक स्त्री. त्यांच्यापुढचा खरा दस्तऐवज म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल. चांगला अधिकारी मुलाच्या घरी जाऊन जमिनीवर बसतो. घरात किती माणसे झोपतात, आई कामावरून किती वाजता येते, मुलगा शाळेत जायचा कधी थांबला, हप्त्यावर घेतलेला मोबाइल कोणाचा, हे विचारतो. शेजारच्या किराणा दुकानदाराशीही बोलतो. वाईट अहवालात ‘कौटुंबिक परिस्थिती हलाखीची, मुलास समज देण्यात यावी’ एवढेच असते, आणि तेच वाक्य पुढच्या प्रकरणातही सापडते. एकेका अधिकाऱ्याकडे प्रकरणांचा ढीग असतो, हे त्यामागचे उघड कारण. कायदा कितीही चांगला लिहिला, तरी घरी जाऊन बसायला माणूस लागतो.

मंडळ समुपदेशन, सामुदायिक सेवा, परिविक्षेखाली सुटका, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे असे आदेश देऊ शकते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतल्यानंतर सतरा वर्षांच्या मुलाच्या जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध होता, आणि लोक खवळले. राग समजण्यासारखा होता. दोन माणसे गेली होती आणि मुलगा सधन घरातला होता. त्या रागात सुधारणेच्या साऱ्या आदेशांचीच टवाळी झाली, हे नुकसान वेगळे. रुग्णालयाच्या अपघात विभागात महिनोन्महिने देखरेखीखाली करायची सेवा आणि घरी बसून लिहायचा निबंध यांत फार अंतर आहे.

2022-23 मध्ये पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द घरोघरी पोचला. ऊसतोडीचा कोयता हातात घेऊन दुकाने फोडणारी, रस्त्यात माणसे अडवणारी पोरे बरीचशी अल्पवयीन होती. वस्तीतला ‘भाई’ जाणूनबुजून अल्पवयीन मुलांना पुढे करतो, कारण त्यांना शिक्षा कमी. कायद्याकडे याला उत्तर आहे. बालकाला बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचे कलम 95 मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान तीन वर्षे शिक्षा सांगते. मुलाला नशेचे पदार्थ पुरवणाराही कलम 77 खाली दोषी ठरतो. ही कलमे जितक्या वेळा लावली जातील, तितकी पोरांची भरती आटेल. नशेसाठी व्हाइटनर आणि सोल्युशन विकणाऱ्या टपरीवर कारवाई करणे हे मुलाला उचलण्यापेक्षा कितीतरी आधीचे पाऊल आहे.

वस्तीच्या साथीने झालेली कामे महाराष्ट्रात आहेत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. ‘झुंड’ (2022) या चित्रपटामुळे तो घरोघरी पोचला. कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेने 1988 मध्ये देहविक्रय करणाऱ्या आयांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर उघडले. आई कामावर असते ती वेळ रात्रीची, म्हणून दिवसाची बालवाडी तिथे अपुरी पडते, हे त्यामागचे साधे निरीक्षण. 1996 मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून, 1098 ही मुलांची मदतवाहिनी सुरू झाली आणि देशभर गेली. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांचा हेतू जातीय सलोख्याचा, पण पोलीस आणि वस्ती एका चटईवर बसू शकतात हे त्यांनी दाखवले. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत हिंसा कमी करण्यासाठी 2005 मध्ये स्थापलेल्या पथकाने हेच सूत्र वापरले. चाकूहल्ला हा आरोग्याचा प्रश्न मानून त्यांनी डॉक्टर, शिक्षक आणि टोळीतून बाहेर पडलेले तरुण एकत्र आणले.

मुलींचे प्रमाण नोंदींत फारच थोडे, त्यामुळे त्यांच्यासाठीच्या सोयीही थोड्या. ग्रामीण भागात ग्राम बाल संरक्षण समित्या कागदावर जवळजवळ सर्वत्र आहेत. सरपंच, अंगणवाडी सेविका, शिक्षक अशी त्यांची रचना नेमकी हवी तीच आहे, कारण शाळा सोडलेला मुलगा सर्वांत आधी यांनाच माहीत होतो. बैठक होते का, हा प्रश्न गावागणिक वेगळे उत्तर देतो.

कायद्याच्या कलम 24 नुसार मुलाच्या दोषसिद्धीची नोंद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असते, आणि तिच्यामुळे त्याला नोकरीला किंवा निवडणुकीला अपात्र धरता येत नाही. प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्यांना ही सवलत नाही. कलम 74 मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. समाजमाध्यमांवर पोरांच्या धिंडीचे व्हिडिओ फिरवणारे ती सर्रास मोडतात, आणि अठरा वर्षांचे झाल्यावर काम मागायला गेलेल्या मुलापुढे तोच व्हिडिओ मालकाच्या मोबाइलवर असतो. संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठी 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहाची, प्रशिक्षणाची आणि आर्थिक मदतीची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्रात अशा जागा गरजेच्या मानाने थोड्या असून, त्या वाढवणे हे आज या क्षेत्रातले सर्वांत निकडीचे काम आहे.