ओळंब्याचे कूळ

आपल्या सुतार ज्ञातीच्या घरोघरी खुंटीस असणारा ओळंबा हल्ली मोडीत जाऊ लागला आहे. म्हणून त्याचे कूळ तरुण बांधवांस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इजिप्तमध्ये राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांची देर अल्-मदीना ही वस्ती होती. तेथील सेन्नेजेम नामक कामगाराची कबर १८८६ साली उघडली, तेव्हा सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची त्याची हत्यारे मिळाली. त्यांत दोन पाय शेंड्याशी जोडून मध्ये आडपट्टी बसविलेली लाकडी चौकट होती. शेंड्यापासून ओळंबा सोडावा. दोरी आडपट्टीच्या मध्यखुणेवर आली की जागा सपाट, सरकली तर त्या बाजूस उतार. किती साधी युक्ती ही!

रोमन लोक याच कामी वीस फुटी लाकडी घोडी वापरीत. वाऱ्याने तिचे ओळंबे हलू लागल्यास वरच्या खाचेत पाणी भरावे, असे व्हिट्रूव्हियसने लिहून ठेवले आहे. बुडबुड्याची काचनळी, जिचा आपणांस एवढा डौल, ती थेवेनो या फ्रेंच गृहस्थाने १६६१ च्या सुमारास काढली. ओळंब्यापुढे ती कालची पोर!

सेन्नेजेम राजा नव्हता, पंडितही नव्हता. परंतु आप्तांनी त्याची हत्यारे त्याच्या कबरीत ठेवली, म्हणून आज इजिप्तच्या सरकारी संग्रहात ती जपली गेली आहेत.