किरणोपचाराची वाटचाल : बोटभर मायेपासून मिलिमीटरपर्यंत



सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी वैद्यकीय साहाय्याशी निगडित असा एखादा इतिहासपर लेख द्यावा, अशी विश्वस्त मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य कापडाचे तागे उलगडण्यात आणि मोजण्यात गेले. परंतु कर्करोगावरील किरणोपचार हा विषय माझ्या घरातून गेलेला आहे, म्हणून हे धाडस करीत आहे.

1986 साली माझ्या वडील बंधूंच्या फुफ्फुसात गाठ आढळली. गाठ लहान होती. पण हृदय अशक्त असल्याने शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मग कोबाल्टच्या यंत्रावर सहा आठवडे किरणोपचार झाले. आठवड्यातून पाच दिवस, अशा तीस फेऱ्या. पहाटे गासहून एस.टी.ने नालासोपारा स्टेशन, तेथून विरार लोकल, मग रुग्णालयातील रांग. प्रत्यक्ष किरण घेण्यास काही मिनिटे लागत. दिवस मात्र सगळा जाई. चौथ्या आठवड्यात अन्ननलिका आतून सोलवटली आणि भाऊंना ताकदेखील गिळवेना. गाठ छातीत उजवीकडे, मग घसा का जळतो, असे मी एकदा विचारले. तेथील एका तंत्रज्ञाने मला माझ्याच धंद्यातील भाषेत समजावले : "शेटजी, शिवणीत माया ठेवता ना? आम्हालाही ठेवावी लागते."

ही माया म्हणजे काय, ती कशी कमी होत गेली आणि ती कमी करण्यासाठी काय काय उभारावे लागते, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

विल्हेल्म रंटगेन यांना 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. 1898 मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधून काढले आणि लवकरच दोन्हींचा वापर कर्करोगावर होऊ लागला. आपल्याकडे या उपचाराला भक्कम घर मिळाले ते परळला. लेडी मेहरबाई टाटा यांचे 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने परदेशी निधन झाले. तिकडे मिळणारे उपचार आपल्या देशातही मिळावेत, अशी सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी तेही निवर्तले. पण त्यांच्या नावाच्या न्यासाने ती इच्छा पुरी केली आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. 1957 मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर किरणोपचारात आहे. किरण मोजणारी विद्या तुर्भ्याच्या अणुकेंद्रात वाढत होती आणि तिची गरज परळच्या रुग्णाला होती.

कोबाल्ट-60 चा रुग्णांवर वापर प्रथम 1951 मध्ये कॅनडात झाला. हे किरण खोलवर पोहोचत आणि यंत्र साधे, दणकट असे. त्यामुळे पुढील काही दशके आपल्या देशाचा भार त्यानेच वाहिला. मात्र कोबाल्टची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. स्रोत जुना झाला की तेवढीच मात्रा देण्यास अधिक वेळ लागतो. शिवाय किरणांची कडा धारदार नसते. ती थोडी पसरट, धूसर असते. त्यात गाठ नेमकी कोठे आहे हे साध्या एक्स-रेवरून ठरवावयाचे आणि श्वासाबरोबर ती खालीवर होते हे गृहीत धरावयाचे. मग गाठीभोवती चांगली बोटभर माया सोडल्याशिवाय गत्यंतर नसे. त्या मायेत निरोगी अवयव येत आणि तेही भाजून निघत. म्हणूनच मात्रा लहान लहान करून महिना-दीड महिना द्यावी लागे. मधल्या काळात निरोगी पेशी सावरत. भाऊंच्या तीस फेऱ्यांमागचे कारण हे होते.

माया कमी करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न मेंदूवर झाला. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये ही कल्पना मांडली : डोके चौकटीत घट्ट बसवावे आणि अनेक दिशांनी आलेले बारीक किरण एकाच बिंदूवर मिळवावेत. प्रत्येक किरण दुबळा, पण जेथे सर्व मिळतात तेथे प्रखर. कवटी हलत नसल्याने हे साधले. छाती आणि पोट मात्र क्षणभरही स्थिर नसतात. त्यावरचा मार्गही स्वीडननेच काढला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात हेन्रिक ब्लोमग्रेन आणि इंगमार लॅक्स यांनी 1991 पासून रुग्णाला हवा काढून घट्ट केलेल्या गादीत निजवून, पोटावर हलका दाब देऊन श्वासाची हालचाल आटोक्यात आणली आणि शरीरातील गाठींवर मोजक्या बैठकांत मोठी मात्रा दिली. यालाच आज स्टिरिओटॅक्टिक बॉडी रेडिएशन थेरपी, थोडक्यात एसबीआरटी, म्हणतात.

या उपचाराचे फळ 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्पष्ट दिसले. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या, फुफ्फुसात लहान गाठ असलेल्या 55 रुग्णांना अवघ्या 3 बैठकांत उपचार दिले गेले. तीन वर्षांनंतर सुमारे 98 टक्के रुग्णांत मूळ गाठ आटोक्यात होती. मात्र तेव्हा हयात असलेल्यांचे प्रमाण 56 टक्क्यांच्या आसपास होते, कारण रोग अन्यत्र पसरू शकतो आणि असे रुग्ण मुळातच अन्य व्याधींनी जर्जर असतात. तो मजकूर वाचताना भाऊंची आठवण झाली. ते वाचलेच असते असे मी म्हणणार नाही. पण तीसऐवजी तीन फेऱ्या आणि ताक गिळता येणारा घसा, एवढे कदाचित मिळाले असते.

आता मुख्य मुद्दा. असा उपचार सुरू करणे म्हणजे केवळ महागडे यंत्र विकत घेणे नव्हे. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर हवाच. मात्र त्याआधी श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावर गाठ कोठे असते हे टिपणारे सीटी स्कॅन हवे. प्रत्येक बैठकीपूर्वी रुग्ण यंत्रावर निजलेला असतानाच पुन्हा प्रतिमा घेऊन जागा पडताळण्याची सोय हवी. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीचा आराखडा आणि यंत्राचा परवाना अणुऊर्जा नियामक परिषदेकडून घ्यावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ. भाभा अणुसंशोधन केंद्रात 1962 पासून या विद्येचा पदविका अभ्यासक्रम चालत आला आहे. हा माणूस रुग्णाला क्वचितच दिसतो. सायंकाळी दवाखाना ओस पडल्यावर तो शरीरासारख्या बनवलेल्या ठोकळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा उपचार करून पाहतो आणि किरण ठरल्या जागी, ठरल्या मात्रेत पोहोचले की नाही हे मोजतो.

हे मोजमाप चुकले तर काय होते? फ्रान्समधील तुलूझ शहरात 2006-07 मध्ये अतिशय बारीक किरणांचे मापन त्या कामासाठी मोठ्या ठरणाऱ्या मापकाने झाले. यंत्र उत्तम होते, डॉक्टर जाणते होते. तरीही वर्षभरात 145 रुग्णांना ठरल्यापेक्षा अधिक मात्रा गेली. गोणपाट मोजण्याच्या अंदाजाने जरीचा काठ मोजावा, तसे हे झाले. ज्या शिवणीत भरपूर माया असते, तिथे कातरी थोडी चुकली तरी निभावते. माया काढून टाकली की कातरी चुकण्याची मुभा उरत नाही.

आपल्या परिसरातील रुग्णांना या उपचाराचा अर्थ काय, हे एका चाचणीवरून कळेल. टाटा मेमोरियलने प्रोस्टेटच्या कर्करोगातील जोखमीच्या रुग्णांसाठी 'प्राइम' नावाची तुलना हाती घेतली. एका गटाला 25 बैठकांत 68 ग्रे, तर दुसऱ्याला 5 बैठकांत 36.25 ग्रे. कमी जोखमीच्या रुग्णांवर परदेशात झालेल्या अशाच चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण दोन्ही गटांत 95 टक्क्यांच्या आसपास होते; लघवीचे त्रास मात्र पाच बैठकांच्या गटात काहीसे अधिक आढळले. सर्व कर्करोगांना हा उपचार लागू पडत नाही. गाठ लहान आणि आटोपशीर असावी लागते. परंतु ज्यांना तो लागू पडतो, त्यांच्यासाठी पाच आठवड्यांऐवजी आठवडा-दीड आठवडा, म्हणजे बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाची रजा आणि मुंबईतला मुक्काम, हे सर्व बरेच कमी होते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती येथे जागेसाठी तिष्ठणाऱ्यांना याचे मोल सांगावयास नको.

म्हणून शेवटी एक नम्र विनंती. आपला समाज दानात कधी मागे राहिलेला नाही. यंत्रासाठी देणगी दिली की यंत्रावर नावाची पाटी लागते. ते योग्यच आहे. पण मापक, ठोकळा, भौतिकशास्त्रज्ञाचे वेतन, पडताळणीत गेलेल्या रात्री यांवर कोणाची पाटी लागत नाही, आणि रुग्णाचा जीव तर त्यांच्यावरच अवलंबून असतो. एखाद्या रुग्णालयाला साहाय्य करण्याचा प्रसंग आपल्या न्यासापुढे आला, तर विश्वस्तांनी "यंत्र कोणते?" या प्रश्नाबरोबरच "मोजणार कोण आणि कशाने?" हाही प्रश्न अवश्य विचारावा. वजन-मापात खोट नसावी, ही शिकवण आपल्याला दुकानाच्या गादीवर बसण्यापूर्वीच मिळालेली असते. ती येथेही उपयोगी पडेल.