वैद्यकीय प्रयोगांचीं संमतिपत्रें : कागदी आणि इलेक्ट्रॉनिक

पेशवाईंतील निवाड्यांच्या कागदांत राजीनामा या नांवाचा दस्तऐवज वारंवार आढळतो. आज या शब्दाचा अर्थ चाकरी सोडल्याचें पत्र इतकाच उरला आहे. परंतु पूर्वीं तो राजी झाल्याचा लेख असे. वादी व प्रतिवादी पंचांपुढें उभे राहण्याआधीं, पंच करतील तो निवाडा आपणांस मान्य आहे असें लिहून देत, तो कागद राजीनामा. त्याखालीं सही, लिहितां न येणाऱ्याची निशाणी आणि साक्षीदारांचीं नांवें. ओस्मानी तुर्कांच्या काजींच्या दप्तरांतहि, मुतखडा काढवून घेण्यापूर्वीं रोग्यांनीं शस्त्रवैद्यास लिहून दिलेले लेख आहेत. त्यांस तुर्की भाषेंत जो रिझा शब्द लावितात तो आपल्या राजी शब्दाच्याच धातूचा आहे.

याच कुळांतलें एक पत्र गेल्या सव्वाशे वर्षांत जगभर पसरलें. वैद्यकीय प्रयोगासाठीं स्वतःचें शरीर देणाऱ्या मनुष्याचें तें संमतिपत्र होय. अलीकडे या पत्राचा कागदच नाहींसा होऊं लागला आहे. रोगी स्मार्टफोनच्या किंवा टॅब्लेटच्या पडद्यावर मजकूर वाचतो, बोटानें सही करतो आणि प्रयोगांत दाखल होतो. हें लक्षण बरें कीं वाईट याविषयीं वैद्यांत वाद आहेत. आम्हीं येथें त्याचा विचार केवळ दस्तऐवज म्हणून करणार आहों. संमतिपत्रांत प्रमाण कशास मानावें, सहीस कीं सहीपूर्वीं जें सांगितलें गेलें त्यास, हा आमचा प्रश्न आहे.

या जातीच्या पत्रांत जें फार गाजलें तें इ. स. १९०० चें क्यूबांतील होय. पीतज्वर डांसांपासून होतो कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं अमेरिकन लष्करानें वॉल्टर रीड यांचें मंडळ हवानाजवळ नेमिलें होतें. त्या मंडळांतील जेसी लाझिअर हे स्वतः पीतज्वरानें २५ सप्टेंबर १९०० रोजीं वारले. त्यांच्या नांवानें उभारलेल्या छावणींत पुढचे प्रयोग झाले, व त्यांसाठीं स्पेनमधून नव्यानें आलेल्या मजुरांशीं लेखी करार करण्यांत आले. आंतोनियो बेनिग्नो याचा २६ नोव्हेंबर १९०० चा करार व्हर्जिनिया विश्वविद्यालयाच्या संग्रहांत सुरक्षित आहे. मजकूर स्पॅनिशमध्यें असून त्याचें इंग्रजी रूपहि आहे.

हा करार सावकाश वाचण्यासारखा आहे. प्रारंभीं लिहून देणाराचें वय पंचविसांहून अधिक असल्याचें व तो स्वखुषीनें राजी असल्याचें कलम आहे. पीतज्वर झाल्यास जीवास कांहीं अंशीं धोका आहे हें आपणांस पूर्णपणें ठाऊक आहे, असें तो म्हणतो. परंतु या बेटावर राहून तो ज्वर टाळणें सर्वथा अशक्य असल्यामुळें, मंडळाकडून उत्तम शुश्रूषा मिळेल या भरंवशावर आपण तो मुद्दाम ओढवून घेणें पसंत करतों, असेंहि त्यांत लिहिलें आहे. बक्षीस शंभर डॉलर अमेरिकन सोन्यांत, सुमारें दोन महिन्यांच्या अखेरीस. ज्वर आल्यास आणखी शंभर. मरण आल्यास रक्कम तो नेमील त्या मनुष्यास. मुदतींत छावणीची हद्द ओलांडल्यास सर्व रकमेवर पाणी. लाझिअर छावणींत कोणी दगावलें नाहीं, म्हणून मरणाचें कलम अमलांत आणावें लागलें नाहीं.

आपले संग्राहक जो प्रश्न प्रत्येक कतब्यास विचारतात तोच येथें विचारिला पाहिजे : मसुदा कोणाचा? तो ज्वर टाळणें अशक्य, हें वाक्य मजुराच्या तोंडचें नव्हे. तें मंडळाच्या बाजूचें समर्थन आहे व तें मजुराच्या तोंडीं घातलें आहे. तरीहि हा करार आम्ही प्रामाणिक मानतों, कारण धोक्याचें नांव त्यांत उघड घेतलें आहे. त्याचें न्यून छावणीच्या हद्दीच्या कलमांत आहे. ज्यास मध्येंच निघून गेल्यास सर्व गमवावें लागतें त्याची संमति पहिल्या दिवशींची असते, शेवटच्या दिवशींची नव्हे. मुंबईंतहि १८९७ च्या जानेवारींत हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली व मागाहून भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस दिली. कैद्याची स्वेच्छा कोणत्या तराजूनें तोलावी हें ज्यानें त्यानें ठरवावें.

बेनिग्नोच्या करारानंतर महिन्याभरानेंच, २९ डिसेंबर १९०० रोजीं, प्रशियाच्या सरकारानें रुग्णालयांस हुकूम काढला कीं, संभाव्य दुष्परिणाम नीट समजावून सांगितल्याशिवाय व निःसंदिग्ध संमतीशिवाय असे प्रयोग करूं नयेत, आणि हें सर्व घडल्याची नोंद रोग्याच्या कागदांत ठेवावी. १९४७ च्या न्यूरेंबर्ग निवाड्यांतील दहा कलमें तर प्रसिद्धच आहेत. त्यांच्या पहिल्या कलमांत स्वेच्छा, पुरेसें ज्ञान आणि आकलन यांवर भर आहे. नवव्यांत प्रयोग मध्येंच सोडण्याची मुभा आहे. सहीचा उल्लेख मात्र दहांतील एकाहि कलमांत नाहीं. संमति खरी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें ओझें प्रयोग करणाराच्या शिरीं ठेविलें आहे. संमति शक्यतों लेखी घ्यावी, हें पुढें १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यांत आलें, आणि मग हळूहळू सहीचा कागद हीच संमति अशी समजूत रूढ झाली.

त्या समजुतीचें फळ आपल्याच देशांत दिसलें. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक प्रकल्प २००९-१० मध्यें आंध्र प्रदेशांतील खम्मम जिल्ह्यांत, जो आज तेलंगणांत आहे, व गुजरातेंत वडोदऱ्याकडे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींवर चालविण्यांत आला. संसदेच्या आरोग्यविषयक समितीनें २०१३ च्या ऑगस्टांत बहात्तराव्या अहवालांत त्याचीं संमतिपत्रें तपासलीं. आंध्रांतील ९,५४३ पत्रांपैकीं १,९४८ वर आंगठे होते, आणि २,७६३ वर पालकांऐवजीं वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. नमुन्यादाखल पाहिलेल्या शंभर पत्रांपैकीं ६९ वर साक्षीदाराची सहीच नव्हती. पुष्कळांवर तारीख नव्हती. एकाच मनुष्यानें सात पत्रांवर सही केली होती. जुन्या वतनाचा असा कागद समोर आला असता तर आम्हीं तो तत्काळ संशयिताच्या पुडक्यांत बांधला असता. येथें चमत्कार असा कीं यांतला एकहि कागद बनावट म्हणतां येत नाहीं. कागद अस्सल, शाई अस्सल, सही ज्याची त्याची. लटकी आहे ती संमति.

यावर उपाय म्हणून २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर औषधांच्या चांचण्यांत संमति देण्याच्या प्रसंगाचें ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचें झालें. २०१५ त तें नव्या रासायनिक द्रव्यांच्या चांचण्यांतील दुर्बल गटांच्या मनुष्यांपुरतें ठेविलें, व २०१९ च्या नियमांत तसेंच कायम केलें. एच.आय.व्ही. व कुष्ठरोग यांवरील औषधांच्या बाबतींत केवळ ध्वनि नोंदवितात. चेहरा लपवावा आणि शब्द राखावा, ही योजना आम्हांस फार समंजस वाटते.

इलेक्ट्रॉनिक संमतीचा मोठा प्रारंभ २०१५ च्या मार्चमधला. अॅपल कंपनीच्या रिसर्चकिट साधनावर कंपवाताच्या अभ्यासासाठीं एमपॉवर व हृदयविकारासाठीं स्टॅनफर्डचें मायहार्ट काउंट्स हे दोन उपक्रम निघाले. मजकूर एकेका पडद्यावर थोडा थोडा, चित्रांसह. एमपॉवरमध्यें अखेरीस प्रश्न, त्यांचीं उत्तरें बरोबर आल्यावरच सही. मायहार्ट काउंट्समध्यें त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ४८,९६८ लोकांनीं संमति दिली. ४०,०१७ जणांनीं कांहीं ना कांहीं माहिती पाठविली. सहा मिनिटें चालण्याची परीक्षा मात्र ४,९९० जणांनींच पुरी केली. ज्यास चटकन् येतां येतें त्यास चटकन् जातांहि येतें. बेनिग्नोला हद्द ओलांडण्याची जी मुभा नव्हती ती येथें फोन खिशांत टाकण्याइतकी सोपी आहे, आणि या आंकड्यांस आळस म्हणून हिणवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

दस्तऐवज या नात्यानें या संमतीचा गुण असा कीं, कोणता पडदा केव्हां उघडला, किती वेळ उघडा राहिला, प्रश्नाचें उत्तर कितव्या खेपेस बरोबर आलें, याची नोंद यंत्र ठेवूं शकतें. वीस पानांचा मजकूर वीस पळांत सरकवला असेल तर तें दिसतें. खम्ममच्या कागदांत तें दिसण्याची सोय नव्हती. अंकीय सहीस आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें मान्यता आहे. तिच्यांत सबंध मजकुरावरून एक अंक काढून तो सहीशीं बांधतात. मागाहून एक अक्षर बदललें तरी अंक जुळत नाहीं. पत्राच्या अखेरीस मोर्तब करून पुढें कोणी मजकूर वाढवूं नये अशी जी तजवीज आपले चिटणीस करीत, तिचेंच हें रूप. मात्र पडद्यावर बोटानें ओढलेली रेघ म्हणजे अंकीय सही नव्हे, आणि फोन घरांत एकच असेल तर बोट कोणाचें हाहि प्रश्न उरतोच. अमेरिकन औषध प्रशासनानें डिसेंबर २०१६ च्या मार्गदर्शिकेंत सही करणाराची ओळख पटविण्यावर व त्यास प्रश्न विचारण्याची संधि देण्यावर भर दिला तो याचसाठीं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनींहि इलेक्ट्रॉनिक संमतीस जागा दिली आहे.

दोष टिकाऊपणाचा आहे. बेनिग्नोचा कागद आजहि नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येतो. पडद्यावरचा मजकूर सुधारून दर वेळीं नवा होतो, आणि जुना राखून न ठेविल्यास अमुक रोग्यानें अमुक दिवशीं काय वाचलें हें सही अभंग असूनहि कळणार नाहीं. म्हणून सहीबरोबर मजकुराची प्रत्येक आवृत्ति, तिचें मराठी भाषांतर, विचारलेले प्रश्न आणि वेळेची नोंद हीं एकत्र बांधून ठेवावीं.

कागदी संमतिपत्राची एक प्रत नियमाप्रमाणें रोग्यास मिळते व घरच्या औषधांच्या डब्यांत पडून राहते. अशीं मराठी पत्रें कोणा वाचकांजवळ असल्यास, मूळ आपल्याजवळच ठेवून व रोग्याचें नांव-गांव झांकून, त्यांच्या नकला आम्हांकडे पाठवाव्या. आंगठ्याशेजारीं साक्षीदाराची सही आहे कीं नाहीं आणि धोक्याचा मजकूर कितव्या पानावर आला आहे, तेवढें मात्र नकलेंत स्पष्ट दिसावें.