बंद दाराचा धडा

माध्यमिक शाळांतील मुलांना सामाजिक चळवळींचा इतिहास शिकवितांना केवळ सनावळ्या सांगून भागत नाहीं, असें आम्हांस वाटतें. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील सत्याग्रह २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाला. सुमारें पांच वर्षें चालला, तरी दार उघडलें नाहीं. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठीं साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें उपोषण केलें. त्यानंतर मात्र तें दार अस्पृश्य मानलेल्या भक्तांना मोकळें झालें. दार कोणीं ठोठावलें, हें मुलें पाठ्यपुस्तकांत वाचतातच. परंतु तें आंतून लावून धरणारेहि आपल्यासारखेच श्रद्धावान होते, हेंहि त्यांस कळलें पाहिजे. देवळाशीं नातें सांगणाऱ्या आम्हीं तें सांगितलें, तरच हा धडा पुरा होईल.