‘सेल्फ’ची गोष्ट

सकाळची घाई असते. आपण गाडीत बसतो, किल्ली फिरवतो आणि गाडी ढिम्म! गॅरेजवाल्याला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘‘सेल्फ मारतोय का?’’ हा ‘सेल्फ’ म्हणजे ‘सेल्फ स्टार्टर’. या नावातच शंभर वर्षांपूर्वीचे एक मोठे अप्रूप दडले आहे : गाडी आपली आपण सुरू होते!

त्याआधी गाडीसमोर उभे राहून हँडल मारावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटा हिसका देई आणि मनगट मोडे. म्हणून जाणते चालक हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवीत. हिसका बसलाच, तर हँडल हातातून सुटून जावे!

हे संकट दूर केले अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी. पूर्वी त्यांनी दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. ती क्षणभरच चालायची, त्यामुळे छोटी असूनही जोर लावू शके. इंजिनालाही सुरुवातीला क्षणभराचाच धक्का हवा असतो, हे त्यांनी हेरले. बॅटरीने मोटर फिरवायची, मोटरने इंजिन आणि मग इंजिनाने बॅटरी पुन्हा भरायची, अशी त्यांनी साखळी जोडली. कॅडिलॅकच्या १९१२च्या गाड्यांत ती आली. आता गाडी चालवायला दंडात बळ असण्याची अट उरली नाही. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला मात्र विजेचा स्टार्टर मिळायला १९१९ उजाडले. पुढे बरीच वर्षे स्टार्टरचे बटण वेगळे असे. किल्ली फिरवूनच गाडी सुरू करण्याची सोय क्रायस्लरने १९४९मध्ये आणली. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाट गाड्यांत तरीही हँडल जपून ठेवलेले असे. वेळ काही सांगून येत नाही!

आजही गाडी अडली की याच साखळीचा कोणता दुवा निखळला, ते पाहायचे असते. त्यासाठी आधी कान द्यावा. काहीच आवाज नाही आणि दिवेही लागत नाहीत? बॅटरी पार उतरली असेल किंवा तिची टर्मिनल सैल झाली असतील, त्यांवर क्षार साचला असेल. भराभर ‘टक-टक-टक’ झाले आणि दिवे मंदावले, तर बॅटरीत जीव थोडा उरला आहे. दिवे लख्ख आहेत, पण एकच ‘टक’ होऊन शांतता, तर संशय स्टार्टरवर. आणि इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर बिचाऱ्या ‘सेल्फ’ला दोष देऊ नये. पेट्रोल किंवा ठिणगी पोहोचत नसावी.

तेव्हा उद्या गाडी रुसलीच, तर पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून उरलीसुरली बॅटरी संपवू नका. क्षणभर थांबा आणि ऐका. ऑफिसला उशीर होईल खरा. पण आपले मनगट तरी शाबूत आहे!