मढला 27 पर्यंत मोजा

11 डिसेंबर 1967. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली आहेत. तुम्ही मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्यात एका ओटीवर जागे आहात. हवेत गारवा आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. एवढ्यात आत फळीवरची भांडी किणकिणतात. उंदीर असेल म्हणून सोडून देऊ नका. मोजायला लागा.

एक, दोन, तीन... 27 ला ओटी आडवी हलते, कौलं खडखडतात. शेजारची म्हातारी दारात येते. "काय हाललं गो बाय?"

भांडी वाजवून गेली ती दाबाची लाट, वेगवान. ओटी हलवली ती मागून येणाऱ्या आडव्या लाटेने. दोन्ही एकाच जागेहून निघतात, पण वाटेत त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. मधल्या सेकंदांना ढोबळमानाने आठने गुणायचं : 216 किलोमीटर.

पण कोणत्या दिशेला? मढभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलंत, तर ते सुरतेजवळून, अहमदनगरच्या बाजूने, कोयनेवरून आणि भर समुद्रातून जातं. म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेत चला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे भूकंपमापक आहे. कुलाब्याचं वर्तुळ थोडं लहान, पुण्याचं आणखी लहान. तिन्ही जिथे छेदतात, तिथे कोयनानगर आहे.

सुईचा झोका आणि अंतर यांवरून तीव्रता काढायची रीत चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये घालून दिली. या भूकंपाचा आकडा 6.3 च्या आसपास ठरेल. एका अंकाने वर गेलात की झोका दहापट, ऊर्जा सुमारे 32 पट.

उरते खोली, आणि खरी अडचण तिथेच आहे. भूकंप जमिनीलगत झाला की 10 किलोमीटर खाली, याने मढपर्यंतच्या 216 किलोमीटरांच्या वाटेत पाव किलोमीटरचाही फरक पडत नाही. इथे बसून ते कुणालाच सांगता येणार नाही. यंत्र जवळ हवं. केंद्र अगदी यंत्राखाली असलं, तरी लाटेला वर यायला वेळ लागतो आणि तो वेळच खोली सांगतो. कोयनेला अशी यंत्रं होती. 1962 मध्ये तिथल्या धरणाचा जलाशय भरू लागल्यावर हादरे सुरू झाले, तेव्हा 1963 पासून ती बसवली गेली. ती नसती, तर धरणाच्या पाण्याशी या भूकंपाचं नातं जोडणं फार अवघड झालं असतं.

दिवस उजाडतो. कोयनेची वीज तुटल्याने मुंबईतले कारखाने थंडावतात. कोयनानगरच्या ढिगाऱ्यांत पावणेदोनशेहून अधिक माणसं गेल्याचं पुढे कळतं.

आता आजच्या मढला या. जमिनीला हात लावा. पलीकडे लोकलगाड्या, खांब ठोकणारी यंत्रं. अलीकडे किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटा. हे सगळं खडकात उतरतं, आणि शहराखालचा बारीकसा धक्का त्यात बुडून जातो. पालघरमध्ये नोव्हेंबर 2018 पासून हादऱ्यांची मालिका सुरू झाली, तेव्हाही शास्त्रज्ञांना गावांजवळ यंत्रं नेऊन बसवावी लागली. मुंबईसाठीही हवीत ती खोल भोकांत, खडकाला घट्ट धरून बसवलेली यंत्रं. एक-दोन नव्हे, चहूबाजूंनी.

तोवर एवढं तरी करा. पुढच्या वेळी भांडी वाजली, तर आधी उघड्यावर असाल तिथेच भिंतींपासून लांब राहा, घरात असाल तर भक्कम टेबलाखाली शिरा, आणि मनात मोजत राहा. मग वेळ, ठिकाण आणि काय हललं ते राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राला कळवा.