गागोद्याच्या घरातील एक मागणे

नेरूळहून पनवेलमार्गे पेणच्या दिशेने निघाले की इमारतींची दाटी हळूहळू मागे पडते आणि भातखाचरे दिसू लागतात. याच पेण तालुक्यात गागोदे हे गाव आहे. मागील हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत तेथे जाण्याचा योग आला. गावाची इनामदारी भावे घराण्याकडे होती. याच घराण्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजेच आचार्य विनोबा, जन्मास आले.

इनामदाराचे घर म्हटले की धान्याची कोठारे आणि कुळांचा राबता डोळ्यांपुढे येतो. विनोबांनी सांगितलेल्या आठवणींत मात्र या घराचे निराळेच रूप दिसते. फणस पिकला की पहिले गरे शेजाऱ्यांकडे जात आणि ते पोहोचविण्याचे काम आई मुलांना सांगे. घरात एक अंध वृद्ध राहत. मुले त्यांना घरातलेच वडीलधारे समजत. पुढे कुटुंब बडोद्यास गेल्यावर त्यांच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा घरात कोणी सुतकाचे स्नान केले नाही. मुलाने कारण विचारले असता आईने सांगितले, की ते नात्याचे नव्हते. निराधार होते म्हणून आपल्याकडे राहत होते. परक्याला इतके आपले मानणाऱ्या घरातच दानाचा पहिला पाठ मिळाला असणार.

आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. बडोद्यास त्या गीतेच्या प्रवचनाला जात; परंतु संस्कृत समजत नसे. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने आणून दिलेला अनुवादही त्यांना जड वाटला. मग तूच का करीत नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी त्या निवर्तल्या. विनोबांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली ती १९३०च्या ऑक्टोबरात, वर्ध्यास, आणि फेब्रुवारी १९३१मध्ये ती पूर्ण केली. जिने मागितली तिला ती वाचावयास मिळाली नाही. पण तिच्यासारख्या असंख्य माउलींच्या ओठी ती गेली.

पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन हरिजन कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. त्यांनी तो प्रश्न गावापुढे ठेवला आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ असा झाला. आईचे मागणे असो वा भूमिहीनांचे, विनोबांनी ते आपलेच मानले.

आम्हा ख्रिस्ती जनांना ही कथा परकी नाही. रायतूरच्या नवख्रिस्ती श्रोत्यांनीही आपल्या भाषेत पुराण मागितले होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी ते ऐकले आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. मिस्सा मात्र लॅटिनमधून मराठीत यावयास दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद (१९६२-६५) उजाडावी लागली. स्वतः विनोबांनी नव्या करारातील वचने निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले, हेही आपण स्मरावे.

परतताना एका आजींनी मला हळूच विचारले, “फादर, नातू रात्री इंग्रजीत प्रार्थना म्हणतो. मला ती समजत नाही. मी त्याच्याबरोबर कशी म्हणू?” नेरूळच्या सदनिकांत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांचा हाच प्रश्न आहे. ही कुटुंबे वसईहून आली, नगरहून आली, कोकणातून आली. मुले इंग्रजी शाळेत गेली. यात दोष कोणाचा, हे शोधण्यात अर्थ नाही. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही मराठी मागे पडली होती, हे मला कबूल केले पाहिजे.

आजींना मी तेथे उत्तर दिले नाही. पुढील रविवारपासून धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर अर्धा तास मुलांना ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ मराठीत शिकविण्यास आरंभ केला आहे. पहिल्या दिवशी सात मुले आली. आजींचा नातू त्यांत होता.